काळा पडणारा पडदा आणि देवाजींचा काठ

कराडहून तुमसर रोडपर्यंत थेट गाडी जाते, हे मला ठाऊक नसतं तर बरं झालं असतं, असं माझ्या बायकोचं मत आहे. कुणाच्या संगणकाचा पडदा काळा पडतो म्हणून राज्याच्या या टोकाहून त्या टोकाला जातं का कोणी, असं तिने विचारलं. प्रश्न रास्त होता. पण तीन आठवडे मी वैशालीताईंना फोनवरून उपाय सांगत होतो आणि एकही लागू पडत नव्हता. मी तंत्रनिकेतनात संगणक शिकवतो. लिनक्स (फुकट मिळणारी आणि कुणीही हवी तशी बदलावी अशी संगणकप्रणाली) हा माझा जीव की प्राण. तिची बदनामी झाली की मला अन्न गोड लागत नाही. शेवटी डिसेंबरात चार दिवसांची रजा टाकली, स्वेटर घेतला आणि निघालो.

वैशालीताई कोण, ते सांगायला हवं. मोहाडीपासून थोडं आत विणकरांचं एक गाव आहे, तिथल्या एका घरच्या त्या सून. नागपूरच्या एका शिबिरात मी चित्रं काढण्याचे मोफत प्रोग्रॅम शिकवत होतो, तिथे त्या कोशाच्या (टसर रेशमाच्या) साड्यांचे काठ चौकटीच्या वहीत काढून घेऊन आल्या होत्या. एक चौकोन म्हणजे एक धागा. घरी जाऊन त्यांनी आपल्या जुन्या संगणकावर लिनक्स टाकून घेतलं. त्या संगणकाची मूळची चित्राची सोय जळालेली, म्हणून कुण्या दुकानदाराने त्यात एक वापरलेलं ग्राफिक्स कार्ड बसवून दिलं होतं. कार्ड म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारा सुटा भाग, आणि त्याला चालवणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. हा ड्रायव्हर मधेच कोसळायचा. चित्र गोठायचं, आडव्या रेघा यायच्या आणि पडदा काळा.

नुसती गैरसोय असती तर मी फोनवरच भागवलं असतं. पण त्यांचे सासरे देवाजी यांच्या डोक्यात एक जुना काठ होता, त्यांच्या बायकोच्या लग्नातल्या लुगड्याचा. ते लुगडं विरून गेलं, बायकोही गेली. तो काठ कागदावर कुठेच नव्हता, आणि हात कापायला लागल्यापासून देवाजींच्याने नाजूक काम होत नव्हतं. म्हणून ते एकेक ओळ सांगत, 'दोन उचल, तीन सोड, एक उचल', आणि वैशालीताई कळ दाबून पडद्यावर चौकोन भरत. पंचवीस-तीस ओळी झाल्या की पडदा काळा. मधूनच पुढे सांगणं देवाजींना जमत नसे. तुटलं की पुन्हा मुळापासून. वहीत चौकोन भरायला गेलं तर त्यांचा वेग गाठता येत नसे, आणि मोबाइलमध्ये रेकॉर्ड करून पाहिलं, तर त्यांचे शब्दच नीट ऐकू येईनात. आता ते म्हणाले होते, अजून एकदाच सांगीन, मग मले इचारू नका. ती एक वेळ मी सांभाळायची होती.

नागपूर सुटल्यावर डब्यात समोर सिहोऱ्याचे एक शेतकरी येऊन बसले. खिडकीबाहेर कापलेल्या धानाच्या बांध्या (बांध घातलेले शेताचे तुकडे) आणि मधेमधे पाणी धरून बसलेल्या बोड्या (लहान तळी) दिसत होत्या.

"कोन्या कामानं आले जी?" त्यांनी विचारलं.

"संगणक दुरुस्त करायला."

"कराडवरून? काहून, इकडं कोनी मेकॅनिक नाही का?"

मी ड्रायव्हर कोसळतो म्हणजे काय ते सांगू लागलो. ते सगळं शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "ड्रायव्हरच पडून राहिला तं गाडी काय करन बापा!" आणि पिशवीतून मुरमुरे काढून माझ्या हातावर ठेवले. आपण तीन आठवडे वेगळं काय म्हणत होतो, असं मला वाटून गेलं.

तुमसर रोडला उतरलो तेव्हा उन्हं नुकती वर आली होती. स्टेशनचं नाव तुमसर रोड असलं तरी तुमसर तिथून पुढे आहे, हे मला उतरल्यावर कळलं. सहा आसनी रिक्षात अकरावा म्हणून बसलो. राइस मिलींच्या रांगेतून जाताना उकडलेल्या धानाचा गरम वास थंडीत इतका बरा वाटत होता की रिक्षा आणखी हळू चालली असती तरी माझी तक्रार नव्हती. तुमसरहून बस, आणि फाट्यावर मोटारसायकल घेऊन वैशालीताईंचा नवरा अनिल उभा.

घरात शिरताच मी पडणारच होतो. पुढच्या खोलीत दोन खड्डामाग (विणकर जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो ते हातमाग) होते आणि माझी नजर थेट कोपऱ्यातल्या संगणकावर. अनिलने दंडाला धरून मागे ओढलं. "सांभाळा भाऊ, आल्याबरोबर मागावरच बसता का?" दोन्ही मागांवर धुतलेल्या चादरी झाकल्या होत्या. सुट्टी असावी असं मी समजलो. घर शांत होतं आणि मला ते आवडलं.

इस्त्रीचं धोतर आणि टोपी घालून देवाजी बाहेर आले. "या जी पाव्हणे. लय दूरून आले." त्यांनी हात जोडले.

चहा झाला आणि मी कामाला लागलो. संगणक आपल्या नोंदी स्वतःच ठेवतो, त्या वाचल्या. जिथे जिथे पडदा गेला तिथे एकच ओळ होती, 'कार्डाशी संपर्क तुटला.' असल्या तक्रारी मी शेकडो वाचल्या आहेत. बहुतेक वेळा वीज वाचवण्याच्या नादात ड्रायव्हर कार्डाला झोपवतो आणि मग त्याला उठवता येत नाही. मी ड्रायव्हर बदलला, लिनक्सचा गाभा जुना घेतला, वीज वाचवण्याचं सगळं बंद केलं. मग कार्डाला घाम फुटेल असं चित्र फिरवत ठेवलं. दुपार गेली, संध्याकाळ गेली, पडदा हूं की चूं करेना. मी छाती फुगवून जेवायला बसलो.

त्या जेवणाबद्दल लिहायलाच हवं. चिन्नोर (इथला वासाचा बारीक तांदूळ) तांदळाचा भात, वांग्याची झणझणीत भाजी आणि लाखोळीच्या डाळीचे गरम वडे. मी सात वडे खाल्ले. वैशालीताई आठवा घेऊन उभ्या, आणि "इतल्यात काय होते जी?" असं म्हणत देवाजींनी नववाही वाढायला लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवाजींना संगणकाशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. वैशालीताई कळफलकावर, मी मागे उभा. देवाजींनी डोळे मिटले.

"दोन उचल... तीन सोड... एक उचल..." चार ओळी झाल्या. पाचवीला ते अडखळले. "मंग दोन... नाही, थांब. मंग... काय होतं बापा पुढं?"

पुन्हा सुरुवात. या वेळी सहा ओळी. त्यांची बोटं गुडघ्यावर नुसतीच हलत होती. संगणक खणखणीत चालला होता आणि काठ मात्र येत नव्हता. दुपारपर्यंत असंच चाललं. शेवटी देवाजी उठले. "गेलं जी. डोस्क्यातून गेलं सारं," एवढंच म्हणून आत जाऊन पडले. वैशालीताईंच्या चेहऱ्याकडे पाहवेना. मी त्यांना म्हणालो, "ताई, आता वय झालं त्यांचं. आपण उशीर केला." हे वाक्य मी अगदी समजूतदारपणे म्हणालो, याची मला आजही लाज वाटते.

संध्याकाळची गाडी होती. निरोप झाले, हातात कोशाचा दुपट्टा ठेवला गेला. अनिलने मोटारसायकल काढली तर मागचं चाक बसलेलं. तो पंक्चर काढून आणेपर्यंत मी अंगणात बाजेवर बसलो. पाव्हणा घराबाहेर पडला, म्हणजे निघालाच असा हिशेब झाला असावा. कारण दहा मिनिटांनी आतून आवाज आला. ठक्. ठक्. ठक्.

आणि त्या ठोक्यांच्या मधेमधे देवाजींचा आवाज, कुठेही न अडखळणारा. "दोन उचल, तीन सोड, एक उचल, पाच सोड..."

मी दारात आलो. देवाजी माग उघडून साधं कापड विणत बसले होते. एवढं जाडंभरडं काम त्यांना अजून जमत होतं. आडवा धागा नेणारा धोटा जात होता, तो धागा घट्ट बसवणारी फणी ठोकली जात होती आणि ओळीमागून ओळ तोंडातून बाहेर पडत होती. वैशालीताई धावत संगणकापाशी गेल्या आणि कळा दाबू लागल्या. दहा ओळी, वीस ओळी. चौकोनांतून एक वेल वर चढताना मला दिसू लागली. अठ्ठाविसाव्या ओळीला चित्र गोठलं, आडव्या रेघा आल्या आणि पडदा काळा पडला.

देवाजींचा हात थांबला.

"बाबाजी," मी विचारलं, "तुम्ही नेहमी मागावर बसूनच सांगता का?"

"मंग कसं सांगू? हात चालला तं तोंड चालते."

"मग आज सकाळी खुर्चीवर का बसलात?"

देवाजींनी धोटा खाली ठेवला. वैशालीताईच बोलल्या. "तुमी घरात असतानी माग कसा चालवावा भाऊ? पाव्हणा बसला हाये अन् आमी ठकठक करून राहिलो, बरं दिसते का ते?"

माझ्यासाठी दोन दिवस त्या घरातले दोन्ही माग बंद होते. चादरी माझ्यासाठी होत्या.

मी खाली बसलो आणि टेबल नीट पाहिलं. शेणाने सारवलेली जमीन वरखाली, त्यामुळे टेबल डुगडुगू नये म्हणून त्याचा एक पाय मागाच्या खांबाला सुतळीने घट्ट बांधला होता. संगणकाच्या डब्यावर तळहात ठेवून म्हणालो, "ठोका, बाबाजी." फणी ठोकली आणि तो हिसका थेट माझ्या हातात आला. डबा उघडला. दोन दिवसांत मी तो एकदाही उघडला नव्हता. ड्रायव्हरचाच दोष, हे मला कराडलाच ठाऊक होतं ना! आत ते जड कार्ड नुसतं खाचेत अडकून लोंबत होतं. त्याला डब्याशी पक्कं धरणारा स्क्रू कुणी बसवलेलाच नव्हता. प्रत्येक ठोक्याला कार्ड हलायचं आणि कधीतरी संपर्क तुटायचा. ड्रायव्हर बिचारा तेच नोंदवून ठेवत होता.

डब्याच्या दुसऱ्या बाजूचा एक स्क्रू काढून कार्डाला लावला. सुतळी कापली आणि टेबलाच्या पायांखाली गोणपाटाच्या घड्या घातल्या. पाच मिनिटांचं काम होतं.

"आता सांगा, बाबाजी."

देवाजींनी मान हलवली. "नाही जी. एक डाव म्हनलो होतो, झाला. आता नाही होत माझ्याच्यानं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. वैशालीताईंनी आग्रह केला नाही. मला तर बोलायचा अधिकारच उरला नव्हता.

एवढ्यात अनिल चाक दुरुस्त करून आला. झाल्या गोष्टी बायकोकडून ऐकल्या, बापाकडे एकदा पाहिलं आणि आपल्या मागावरची चादर काढून खड्ड्यात उतरला. ठक्. ठक्. बराच वेळ एकटा त्याचाच माग चालला. मग देवाजींचा पाय हळूच खड्ड्यातल्या पायपट्टीवर गेला. त्यांनी धोटा उचलला.

"दोन उचल," ते म्हणाले.

दोन माग एकदम चालू होते. मी श्वास रोखून डब्याकडे पाहत होतो. अठ्ठावीस ओळी गेल्या. चाळीस गेल्या. साठाव्या ओळीनंतर मी डब्याकडे पाहणं सोडलं आणि देवाजींकडे पाहू लागलो. शहाण्णव ओळी झाल्यावर ते म्हणाले, "झालं. आता हेच फिरून फिरून." आणि त्यांनी हात खाली ठेवले.

मग ते पडद्याजवळ आले, डोळे बारीक केले आणि एका ओळीवर बोट टेकवलं. "इथं एक धागा जास्त झाला, सूनबाई." मला वाटलं, म्हाताऱ्याला दिसत नसेल. वैशालीताईंनी मोजलं. कळ खरंच दोनदा दाबली गेली होती. तो चौकोन पुसला आणि वेल जुळली.

देवाजी खूप वेळ बघत उभे राहिले. "असाच होता," ते म्हणाले. "चुलीपाशी बसे ना ती, तं असाच दिसे."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

गाडी अर्थातच चुकली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही मागांच्या आवाजात चहा घेतला आणि निघालो. परतीच्या प्रवासात मला एकच गोष्ट छळत होती. त्या तीन आठवड्यांत वैशालीताईंचा फोन आला की मागे ठकठक चालू असायची, आणि दर वेळी माझं पहिलं वाक्य एकच असायचं, "ताई, आधी तो आवाज बंद करा, मला काही ऐकू येत नाही." त्या बिचाऱ्या माग थांबवायच्या. माग थांबला की पडदा नीट चालायचा, आणि पडदा पुन्हा जाईपर्यंत मी समजायचो माझा उपाय लागू पडला. दुखणं मला पहिल्या दिवसापासून ऐकू येत होतं. मीच त्याला गप्प करत होतो. त्या माणसांनी मात्र आधी फोनसाठी आणि मग पाव्हण्यासाठी, न कुरकुरता हातातलं काम खाली ठेवलं.

कराडला पोचल्यावर आठवड्याने फोन आला. पडदा ठीक होता. त्या काठाची पहिली साडी अनिलच्या मागावर चढली होती. मागून ठकठक येत होती आणि वैशालीताईंचं बोलणं निम्मंच कळत होतं. त्यांच्या ते लक्षात आलं असावं. आत तोंड करून त्या सासऱ्यांना ओरडून म्हणाल्या, "मामाजी, घडीभर माग थांबवा, भाऊंचा फोन हाये!"

"नका थांबवू," मी म्हणालो. "चालू राहू दे. मी जरा मोठ्याने बोलतो."