पुसलेली कडी

काल बँकेत एका बाईने टेबलावरचं पेन रुमालात धरून सही केली आणि मला तिचा संताप आला. खरं तर तो माझ्या स्वतःवरचाच होता.

माझ्या नणंदेला, शोभाताईंना, हिपॅटायटिस बी निघाला तेव्हा मीही अशीच झाले होते. हा आजार रक्तातून पसरतो, एकत्र जेवल्याने किंवा हात धरल्याने नाही, असं डॉक्टरांनी नीट समजावलं. मी मान डोलावली आणि घरी येऊन सालं निघेपर्यंत हात धुतले. ताई येऊन गेल्या की दाराची कडी फिनेलने पुसायची. एकदा पिशवी विसरली म्हणून त्या परत आल्या आणि मी फडक्यासकट सापडले.

"मलाच पुसून काढा ना, वहिनी," त्या म्हणाल्या.

"माझ्या घरात लहान मुलं आहेत," मी उलट फणकारले.

पुढे आम्ही सगळ्यांनी लस घेतली. हात धुतल्यावर पुन्हा नळाकडे जायचं नाही, हेही मी नेटाने शिकले. भीती ओसरली. भीती निर्लज्ज असते. आपलं काम उरकून निघून जाते.

यंदा भाऊबीजेला ताई आल्या, भावाला ओवाळलं आणि उभ्याउभ्याच निघाल्या.

"बसा ना, फराळ तरी करा," मी म्हणाले.

"नको," चपला घालत त्या म्हणाल्या, "तुम्हाला मागाहून काम पडतं."