पंचाण्णव मिनिटांचा ठिपका

आमचे थोरले काका आणि बाबा, दोघेही न्हावी. दुकान एक, खुर्च्या दोन. खिडकीजवळची काकांची. नवं गिऱ्हाईक थेट तिच्यातच येऊन बसतं, म्हणून बाबांचा जीव वीस वर्षं तिच्यात अडकलेला.

“दादा नुसत्या गप्पा हाणतो. माझा हात झरझर चालतो,” हे बाबांचं पालुपद.

शेवटी ठरलं, आठवडाभर कटिंगची मिनिटं लिहायची. ज्याला वेळ कमी, त्याची खिडकी. दोघांची पंचवीस-पंचवीस डोकी झाली. सरासरी काढली, तर दोघांचीही बावीस! भांडण जिथल्या तिथे.

मी शाळेत गणित शिकवते, मला राहवेना. साबणाच्या वडीनं आरशावर दोन पेट्या काढल्या.

“आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत मांडले. अगदी मधला आकडा ही रेघ. मधली निम्मी गिऱ्हाइकं पेटीत. उरलेल्यांसाठी दोन्हीकडे मिशा. फारच लांब पळालेला आकडा, हा एकटा ठिपका.”

“मिशा आम्हाला शिकवतेस?” काका म्हणाले.

बाबांची पेटी काडेपेटीएवढी, एकवीस ते तेवीस, रेघ बावीसवर. काकांची ऐसपैस, बारा ते पंचवीस. मिशी पार चाळीसपर्यंत, पण रेघ सोळावर! म्हणजे काकांची निम्मी गिऱ्हाइकं सोळा मिनिटांतच मोकळी. बाबांचं तोंड एवढंसं झालं. मग त्यांना ठिपका दिसला.

“पंचाण्णव? हा कोण रे दादा?”

“पोस्टमास्तर.”

“त्यांच्या डोक्यावर नऊ केस आहेत!”

“बायको गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही त्यांना,” काका म्हणाले. “नऊ केस पुरवून पुरवून कापावे लागतात.”

काकांनीच आपले कंगवे उचलून आतल्या खुर्चीपाशी नेले.

“खिडकीत तू उभा राहा. नव्या माणसाला घाई असते, तुझ्याकडे बावीस मिनिटांची खात्री आहे. माझी माणसं मला शोधत आत येतील.”

बाबांना मात्र मोजायची खोडच लागली. रोज घरी आले की मला आकडे सांगायचे, मी वहीत उतरवायचे.

पुढच्याच शनिवारी काका तापानं फणफणले. पोस्टमास्तर बाबांच्या खुर्चीत बसले. त्या दिवशी बाबा जेवायला दोन तास उशिरा आले. मी वही उघडली.

“पोस्टमास्तरांना किती लागली?”

“मोजायचं राहिलं,” बाबा म्हणाले, आणि हात धुवायला गेले.