अर्ज मागे घेण्याचा दिवस

अमरावतीच्या एका कॉलेजात मी सव्वीस वर्षं अमेरिकेचं शासन शिकवलं. अमेरिका काही पाहिली नाही, पासपोर्टसुद्धा कधी काढला नाही. पक्ष, निवडणुका आणि दबावगट हा माझा आवडता भाग. स्टाफरूममध्ये सहकारी चहा पिता पिता विचारायचे, "काय मॅडम, तुमच्या अमेरिकेत पाऊसपाणी कसं काय?" मी हसायचे, पण तो प्रश्न मला झोंबायचा. मुलांना हा पेपर पास व्हायला सोपा वाटे, म्हणून वर्ग भरलेला असे. ऐकणारी फार थोडी.

त्या थोड्यांत वरूडकडून एसटीने येणारी एक मुलगी होती. पहिल्या बाकावर बसायची आणि प्रश्न विचारून हैराण करायची. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार कोण हे ठरवायला आधी एक वेगळी निवडणूक होते, साधे मतदार तिथे मत देतात, हे मी शिकवलं त्या दिवशी तिने विचारलं, "मॅडम, मंग आपल्याकडे कोण ठरवते?" मी म्हटलं, "ते परीक्षेत येत नाही, पुढे चल." वर्ग हसला आणि मीही हसले.

दबावगट शिकवताना मात्र मी रंगून जायचे. पक्षाला सत्ता हवी असते, गटाला त्याचं एखादं काम करून हवं असतं, म्हणून तो निवडणूक लढवत नाही, लढणाऱ्यांना कामाला लावतो. त्यासाठी त्याची माणसं पुढाऱ्यांच्या दाराशी जाऊन बसतात. दरवर्षी मी एक वाक्य फळ्यावर लिहायचे : पुढाऱ्याच्या वतीने किंवा गटाच्या वतीने कोणी तुमच्याशी गोड बोलायला आलं, तर आधी विचारा, तुम्हाला पाठवलं कोणी? तिने ते वहीत लाल पेनाने लिहून घेतलेलं मला आठवतं.

पुढे तिचं लग्न वरूडजवळच्याच गावात झालं. संत्र्याच्या हंगामात तिथल्या पॅकिंगच्या आवारात शेकडो बाया फळं निवडायला बसतात. दिवसभर उन्हात, आणि संडास नाही. पाणी कमी प्यायचं, हा त्यांचा उपाय. तिने त्या बायांना एकत्र केलं. टिनाची शेड आणि संडास, एवढीच मागणी. अर्ज, विनंत्या, मोर्चा, सगळं झालं. दोन्ही पक्षांनी माना डोलावल्या. मग पंचायत समितीची निवडणूक आली, त्यांचा गण, म्हणजे तिथला मतदारसंघ, महिलांसाठी राखीव निघाला, आणि बायांनी तिलाच अपक्ष म्हणून उभं केलं. चिन्ह कपबशी मागायचं हेही आवारात बसूनच ठरलं. वर्गात मी सांगितलेली ती आधीची निवडणूक संत्र्यांच्या ढिगाशेजारी प्रत्यक्ष झाली होती. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी आपल्याकडे काय चालतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ज्याला बसवायचं त्याचा मामा, साडू, गुरुजी, जो कोणी त्याला भारी पडेल तो शोधून आणतात. तिच्यासाठी मला शोधलं. एका पक्षाचा तालुक्याचा पुढारी सकाळी सकाळी माझ्या दारात आला. म्हणाला, "मॅडम, ते पोरगी दुसऱ्या कोणाचं नाही आयकत. तुमचा शब्द नाही मोडनार. मतं फुटतीन तर विरोधकाचं फावते, हे तुमच्याइतकं कोणाले समजते?"

हुरळले मी. इतक्या वर्षांत माझ्या विषयासाठी कोणी दारात गाडी उभी केली नव्हती. आज वाटतं, मला राग यायला हवा होता. पण मी इस्त्रीची साडी नेसले आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. वाटेत पुढाऱ्याने उसाचा रस पाजला आणि विचारलं, अमेरिकेत तिसरा पक्ष का टिकत नाही? मी वरूड येईपर्यंत बोलत होते.

ती तहसीलबाहेर बायांसोबत उभी होती. मला गाडीतून उतरताना पाहून आधी आनंदली, मग तिने गाडीकडे पाहिलं. मी तिला बाजूला नेलं आणि सगळा धडा म्हणून दाखवला. जागा एक, जिंकणार एक, तिसरा माणूस फक्त कोणाला तरी पाडतो. तुमचा गट आहे, गटच राहू दे. यांच्याकडून शेडचं लेखी घे. पुढाऱ्याने तिथेच लेटरहेडवर लिहून दिलं. ती म्हणाली, "मॅडम, बाया काय म्हनतीन?" मी म्हटलं, "अगं, आत्ता थांब. पुढच्या वेळी उभी राहा, तयारीनिशी."

तीनची मुदत संपायला थोडा वेळ होता. ती आत गेली आणि तिने सही केली. सही करताना तिची पिशवी मी धरली होती.

पुढच्या वेळी उभी राहा, हे मी पुस्तकातून बोलले होते. तिकडे हरलेला किंवा थांबलेला माणूस त्याच जागेवर पुन्हा उभा राहू शकतो. आपल्याकडे आरक्षणाची सोडत निघते आणि जागा फिरते, हे गावातल्या कोणत्याही बाईला माहीत होतं. मी राज्यशास्त्राची प्राध्यापक, मला ते त्या क्षणी सुचलं नाही. पुढच्या सोडतीत त्यांचा गण दुसऱ्या प्रवर्गाकडे गेला. तिला आता तिथे अर्जच भरता येत नाही.

शेड झाली नाही. जागेचा प्रश्न आहे, असं त्याच पक्षाच्या निवडून आलेल्या बाईंचे पती सांगत राहिले. ती उभी राहिली असती तर जिंकली असती असं मी म्हणत नाही. कदाचित डिपॉझिटही गेलं असतं. पण मतदारांना विचारायच्या आधी उत्तर मी देऊन टाकलं, आणि हे मला अजून सहन होत नाही.

निवृत्तीनंतर मी अकोल्याला माहेरच्या गल्लीत राहायला आले. सोडतीची बातमी वाचली तेव्हा राहवलं नाही, एसटीने वरूडला गेले. ती आवारात फळं निवडत बसली होती. डोक्यावर साडीचा तुकडा बांधून सावली केली होती. मी तिच्याजवळ क्रेट उलटा करून बसले आणि म्हटलं, "माझं चुकलं. मी तुला थांबवायला नको होतं."

तिने हातातलं संत्रं फिरवून पाहिलं, डागी निघालं, ते बाजूला टाकलं. म्हणाली, "जाऊ द्या मॅडम. ते लेटरहेड हाये माह्याजवळ, प्लास्टिकच्या पन्नीत ठेवलं."

मग पुढचं संत्रं उचलत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या दिवशी मले विचारायचं होतं, तुमाले पाठवलं कोनं. गाडी तं समोरच उभी दिसून राहिली होती. पन तुमी मॅडम होत्या ना. नाही विचारलं."