दत्ताकाकांचं जिरेनियम

आमच्या मंडळाचे किस्से तणासारखेच. एक सांगून मोकळं व्हावं, तर बाजूला दोन उगवलेले! मंडळ म्हणजे हिंगोलीतली आम्ही तिघं: पोस्टातून रिटायर झालेले दत्ताकाका, शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सुनंदाताई आणि मी. दर रविवारी रानातलं बारीकसारीक तण ओळखायचं, वहीत लिहायचं. काकांची एकच इच्छा, आपल्या भागात रानटी जिरेनियम शोधायचं.

*

नरसीच्या रस्त्याला आम्ही तिघं गवतात गुडघ्यावर बसलेलो. एकानं मोटारसायकल थांबवली.

"काय हरवलं, काका?"

"जिरेनियम शोधून राहिलो."

बिचारा पाच मिनिटं आमच्यासोबत शोधत राहिला. मग हळूच म्हणाला, "सोन्याचं व्हतं का?"

*

चिवळ आणि दुधी, दोन्ही तणं जमिनीला चिकटून पसरतात. चिवळीची भाजी होते; दुधीची काडी मोडली की पांढरा चीक येतो. एकदा काकांनी ताईंना फोटो पाठवला: "चिवळच ना? लवकर सांगा, फोडणी जळून राहिली!"

ताईंचा लगेच फोन. "फोटोला चीक येतो का, काका? काडी मोडा!"

त्या दिवशी काकांकडे पिठलं झालं.

*

मोबाईलमधल्या ॲपनं एकाच रोपाची तीन वेळा तीन नावं सांगितली. काका खूश! "ह्याला मंडळात घ्या. आपल्यासारखंच हाये."

*

गेल्या हिवाळ्यात जवळा बाजार गावाजवळ, कौसल्याबाईंच्या हरभऱ्यात काकांना ते दिसलं! कातरलेली पानं, इवलं गुलाबी फूल आणि बगळ्याच्या चोचीसारखं कोवळं फळ. पण त्या कुळातली दोन रोपं इतकी सारखी, की चोच पिकल्याशिवाय कुठलं ते ठरत नाही. काकांनी शेजारी काडी रोवली, लाल दोरा बांधला.

"निंदताना एवढं राखा, बाई. लई वर्षं शोधून राहिलो."

"राखते की! काहून न्हाई?"

मधले दोन रविवार काकांनी कसेबसे ढकलले. तिसऱ्या रविवारी गेलो, तर शेत स्वच्छ निंदलेलं. काडीपाशी एकच कोवळा वेल, भोवती सुबक आळं. कपाळफोडी!

"काडीपाशी दोन व्हते," हातातला तांब्या सावरत बाई म्हणाल्या. "हे केसाच्या तेलात घालत्यात. दुसरं बिनकामाचं, ते उपटलं. तुमी शिकलेली माणसं, औषधाचंच राखाल ना! रोज पाणी घालून राहिले."

आम्हाला काकांकडे बघवेना. ते बांधावरच्या तणाच्या ढिगाशी गेले, वाकून बराच वेळ चाळत राहिले. शेवटी एक वाळकं रोप निघालं, पिकलेल्या चोचींसकट. ते त्यांनी रुमालात गुंडाळून खिशात ठेवलं आणि परत आले.

"बराबर हेच, बाई," काका म्हणाले, आणि बाईंच्या हातातला तांब्या घेऊन कपाळफोडीला पाणी घातलं.