वहिनींच्या पसंतीचं गार्ड

आमच्या थोरल्या जाऊबाई कुठलीही वस्तू विकत घेण्याआधी ती उलटी करायच्या. पातेलं असो, बादली असो, पाट असो, नाहीतर पोरांच्या चपला. आधी पालथं घालायचं, मग बोटांच्या पेरांनी टकटक करायचं आणि कान जवळ नेऊन आवाज ऐकायचा. "वरनं काय दाखवताय, बूड दाखवा की," असं म्हणून त्या भल्याभल्या दुकानदारांना गार करायच्या. सोलापूरच्या बाजारातले भांडीवाले त्यांना लांबून येताना बघितलं की आपणहून दोन पातेली पालथी मांडून ठेवायचे.

सगळं घर त्यांना वहिनी म्हणायचं, म्हणून मीही वहिनीच म्हणायची. माहेर टेंभुर्णीचं. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा आमचे हे शाळेत जात होते आणि सासूबाई वारलेल्या होत्या. यांना न्हाऊ-माखू घालण्यापासून नोकरीला लावण्यापर्यंत सगळं वहिनींनी केलं. माझं लग्न ठरताना मला हे सगळं सांगितलं होतं आणि मला त्याचं कौतुकही वाटलं होतं. नांदायला आल्यावर मात्र ते कौतुक लवकरच आटलं. शर्टाचं कापड कुठलं घ्यायचं, विचारा वहिनींना. साहेबाकडे रजा कशी मागायची, विचारा वहिनींना. डोकं दुखतंय की नाही हेसुद्धा हा माणूस वहिनींना विचारून ठरवेल असं मला वाटायचं. एकदा न राहवून मी म्हटलं, "अहो, घरात मी पण आहे." तर म्हणाले, "आहेस की. चहा टाक."

हे जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होते. सांगोल्याकडच्या वाड्यावस्त्यांवर जाऊन शेळ्यामेंढ्यांना लस टोचायची, हे काम. त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरचा सुमार असेल, यांनी एक जुनी मोटारसायकल घेतली. ती काही उलटी करता येईना. मग वहिनींनी अंगणात पोतं अंथरलं, पदर खोचला आणि आडव्या होऊन गाडीखाली डोकं घातलं. शेजारपाजारच्या बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. वहिनी कपाळाला काळं लावून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "भावजी, हिचं पोट लई खाली हाय. दगूड लागंल."

आणि लागला! मेल्या दगडाला माझंच घर सापडलं. सांगोल्याच्या माळावर इंजिनाच्या पोटावर असा बसला की चेंबर फुटून सगळं ऑइल मातीत. हे पाण्याच्या टँकरवर बसून घरी आले आणि पायातली चप्पल न काढता आधी वहिनींकडे गेले. "वहिनी, तुम्ही म्हणालात तसंच झालं बघा." यांच्या चेहऱ्यावर काय ते कौतुक! नवरा धडधाकट घरी आला म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण पोटात दुखलं ते वेगळंच.

गाडी दुरुस्त झाली, पण मिस्त्रीनं बजावलं की इंजिनाखाली दगड अडवायला गार्ड बसवल्याशिवाय माळावर नेऊ नका. दुकानदार ओळखीचा. त्यानं तीन गार्डं घरी पाठवून दिली. पसंत पडेल ते ठेवा, बाकीची परत करा म्हणाला. एक होतं नुसत्या वाकवलेल्या नळ्यांचं. दुसरं पत्र्याचं, पुढची कड वर वळवलेली आणि मधे भोकं पाडलेली. तिसरं जाड, अखंड पत्र्याचं, परातीसारखं.

आता माझ्या माहेरी, नातेपुत्याला, विहिरीवर ऑइल इंजिन होतं. इंजिन तापतं, त्याला वारा लागतो, हे मी परकर नेसायच्या वयापासून बघितलेलं. मी यांना नीट समजावून सांगितलं. नळ्यांच्या मधून दगड सरळ आत जाईल. गाडी आडवी पडली तरच त्या नळ्यांचा उपयोग. अखंड पत्र्यात वारा कोंडेल, चिखल साचेल. भोकांचं घ्या, दगडही अडेल आणि चिखल खाली गळून जाईल. यांनी मान हलवली. मला वाटलं, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा माझं काहीतरी या माणसाच्या कानात शिरलं. तेवढ्यात म्हणाले, "बरोबर आहे तुझं. वहिनी दळण घेऊन आल्या की बघू."

वहिनी आल्या. पिठाचा डबा खाली ठेवला, तिन्ही गार्डं पालथी घातली आणि टकटक सुरू. नळ्यांचं बाजूला सारलं. भोकांचं उचललं, त्यातून माझ्याकडे बघितलं आणि हसल्या. "ह्याला भोकं कशापायी? भोकाची वस्तू घ्यायची तर चाळण घ्या की भावजी!" मग अखंड पत्र्यावर पेरं वाजवली. खणखणलं. "हे घ्या. जल्मात फुटायचं न्हाय."

मी म्हटलं, "वहिनी, इंजिनाला वारा लागतो."

"लागतोय की गं पुढनं. फटफटी काय घरात बसून ऱ्हाणार हाय व्हय?"

हे पोट धरून हसले आणि संपलं. अखंड गार्ड बसलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्या दिवशी मी आमटीत इतकं तिखट घातलं की सगळ्यांनी पाणी पिऊन पोट भरलं.

पाऊस झाल्यावर हे मंगळवेढ्याच्या काळ्या रानातून आले-गेले. ती माती म्हणजे पायाला लागली तर चपलेसकट धरून ठेवणारी. मग ऊन पडलं, आणि एका दुपारी हे बैलगाडीच्या पुढे आणि गाडी बैलगाडीत, अशी वरात दारात आली. इंजिन जाम. मिस्त्रीनं अंगणात बसून गार्ड उघडलं, तर आतून चिखल आणि कडब्याची चिपाडं यांची घट्ट वाळलेली वीटच खाली पडली. मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. "ये किसकी पसंद है जी? इंजन कू हवा नक्को क्या?"

मला इतका आनंद झाला की मी त्याच्यासाठी न मागता चहा टाकला, दूध जास्त घालून.

हे घाईघाईनं म्हणाले, "दुकानदारानं दिलं तेच बसवलं." वहिनींच्या अंगावर येऊ नये म्हणून! मी तोंड उघडणार, एवढ्यात वहिनीच म्हणाल्या, "खोटं कशाला बोलताय भावजी? माझी पसंती हाय ती. भाकरीचा तवा निवडल्यागत निवडलं म्या. सुमन सांगत हुती तवा कान दिला न्हाय." मिस्त्रीसमोर, बघायला जमलेल्या शेजारणींसमोर, खणखणीत आवाजात. मी इतके दिवस मनात भांडणाची तयारी केलेली, एकेक वाक्य घोटून ठेवलेलं, आणि या बाईनं माझ्यासाठी भांडणच शिल्लक ठेवलं नाही. वर म्हणाल्या, "चल गं, चप्पल घाल."

दुकानात गेल्यावर त्यांनी सांगितलं, "हिला दाखवा. मी आपली संगतीला आलेय." मी भोकांचं गार्ड मागितलं, बोल्ट कुठं बसतात बघितलं, ऑइल सोडायला ते काढावं लागेल का विचारलं. वहिनी दोन्ही हात पदरात गुंडाळून उभ्या. हात नुसते शिवशिवत होते त्यांचे, पण त्या गार्डाला त्यांनी बोट लावलं नाही. परत येताना मात्र म्हणाल्या, "दे हिकडं, जड हाय," आणि ते डोक्यावर घेऊन चालू लागल्या.

त्यानंतर वहिनींना बाजारात जाताना मी बरोबर लागायचीच. "सुमन, हे कसं हाय?" असं चारचौघांत विचारायच्या. हे पूर्वीसारखेच ऊठसूट वहिनींना विचारत राहिले, पण मला त्याचं काही वाटेनासं झालं. विचारू देत बापडे.

मग धाकट्या दिरांचं लग्न झालं आणि शैला घरात आली. एका सकाळी बघते तर वहिनी आणि शैला पिशवी घेऊन निघालेल्या. "चादरी आणायला चाललोय. शैलाला कापडातलं लई कळतंय." मी ज्वारी निवडत बसले आणि अशी जळले, अशी जळले की विचारू नका. नवऱ्यावरून कधी इतकी जळले नव्हते. शैलानं निवडलेली चादर मी मुद्दाम कढत पाण्यात भिजवली, रंग जातो का बघायला. गेला नाही मेला.

पुढे यांची बदली झाली आणि आमचं बिऱ्हाड हललं. वहिनी धाकट्यांकडेच राहिल्या. त्या आजारी पडल्या तेव्हा शैलानं त्यांचं सगळं केलं, अगदी पोटच्या पोरीसारखं. आमची धावपळ होऊन आम्ही पोचलो तोवर वहिनी गेल्या होत्या. हे उंबऱ्यातच बसले आणि लहान पोरासारखे रडले.

दिवसपाणी आटोपल्यावर मी आणि शैला स्वयंपाकघरात दोघीच भांडी आवरत होतो. ती एकदम म्हणाली, "ताई, खरं सांगू? मला तुमचा फार राग यायचा."

"माझा? मी काय केलं गं तुझं?"

"उशाशी मी बसायची, औषध मी पाजायची, आणि वहिनी आल्या-गेल्याला कौतुक सांगायच्या ते तुमचं. आमची सुमन अशी न् आमची सुमन तशी." बोलता बोलता तिला रडू फुटलं.

मी तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. मलाही रडू आलं, आणि ते खरं होतं. पण त्याच वेळी आतून मला जे बरं वाटलं, अगदी गार गार वाटलं, ते कुणाला तरी सांगावं असं फार वाटलं. ऐकून खो खो हसणारं माणूस एकच होतं, आणि आम्ही त्यांचेच दिवस करून बसलो होतो.