साडेचार तासांची मजुरी

दिनांक नऊ ऑक्टोबर, गुरुवार. सकाळी सव्वादहा ते दुपारी पावणेतीन. माझ्या चौदा वर्षांच्या गाडीचे पुढचे दोन्ही शॉक अब्सॉर्बर झिजले होते, ते बदलण्यात आले. सुट्या भागांची किंमत ठरल्याप्रमाणे. मजुरी मात्र अडीच तासांची सांगून साडेचार तासांची लावली. ही नोंद मी त्याच दिवशी कार्यशाळेच्या प्रतीक्षाकक्षात बसून केली आणि तिच्याखाली जी तक्रार लिहिली, तिच्यामुळे एका माणसाची सव्वीस वर्षांची नोकरी गेली. तक्रारीत जे सुटले होते ते आता लिहितो.

प्रतीक्षाकक्षाला मोठी काच आहे आणि तिच्या शेजारचे दार नीट लागत नाही, त्यामुळे आतले दिसतेही आणि ऐकूही येते. माझी गाडी लिफ्टवर चढवलेली होती. तिच्याखाली एक ठेंगणा, पन्नाशी उलटलेला कारागीर उभा होता. चष्मा घसरू नये म्हणून त्याने काड्यांना रबर लावून तो डोक्यामागे बांधला होता. शेजारच्या लिफ्टवरचे दोघे हवेच्या दाबावर चालणारा पाना लावून कानठळ्या बसवत होते. हा हातपाना घेऊन गंजलेल्या बोल्टाची मनधरणी करत होता. थोडा पिळायचा, थांबायचा, तेल सोडायचा, उलटा फिरवायचा, पुन्हा थांबायचा.

"काय सावकाश, आज आवरेल ना?" शेजारचा ओरडला. "का गाडीला अंथरूण घालू?"

"घाल," हा मान वर न करता म्हणाला. "उशी पण आण. तू काल तोडलेला बोल्ट काढायला अजून माणूस शोधतायत, त्यालाही लागेल."

सगळे हसले. त्या कार्यशाळेत त्याला 'सावकाश' याच नावाने हाक मारतात हे मला तेव्हा कळले. मी हसलो नाही. मी घड्याळ पाहत होतो.

दोन वाजता दोन्ही नवे भाग बसले, चाके चढली, गाडी खाली आली. मी पिशवी उचलून उठलो, आणि या माणसाने गाडी चार वेळा पुढे-मागे ढकलली, बॉनेटवर दोन्ही हातांनी भार देऊन ती दाबली, मग गाडीखालून काम करायच्या खड्ड्यावर नेऊन उभी केली, स्वतः खड्ड्यात उतरला आणि मघाशी लावलेल्या त्याच बोल्टांना पुन्हा पाना लावला. पाऊण तास! मी जे पाहिले त्याचा एकच अर्थ मला लागला: काही तरी विसरला आहे, आणि ते माझ्या घड्याळावर निस्तरतो आहे.

"सदर कारागिराने स्वतःची चूक ग्राहकाच्या खर्चाने दुरुस्त केली." हे वाक्य माझे. ते लिहून झाल्यावर मला समाधान वाटले होते, हेही नोंदवतो. माझी सारी नोकरी एका संस्थेचा पत्रव्यवहार सांभाळण्यात गेली आहे. कोणत्या वाक्याला उत्तर देता येत नाही, हे मला चांगले कळते.

व्यवस्थापक अतिशय सौजन्याने वागला. मजुरीतले एक मिनिटही त्याने कमी केले नाही. तक्रारवही मात्र स्वतः उघडून पुढे केली आणि खिशातले स्वतःचे पेन दिले. आजवर शेकडो कार्यालयांत मी तक्रारी नोंदवल्या. वही हरवली आहे, साहेब जागेवर नाहीत, उद्या या, हेच ऐकले. स्वतःचे पेन काढून देणारा हा पहिलाच. संशय तिथेच यायला हवा होता.

एकतीस ऑक्टोबरला गाडीचे पुढचे चाक पंक्चर झाले. रस्त्याकडेच्या टायरवाल्याने चाक उतरवले आणि आत बॅटरी मारून तो बघतच राहिला.

"शॉकअप कुणी बदलले हो?"

"का? चुकीचे बसवलेत?"

"चुकीचे? अहो, गाडी जमिनीवर उभी करून आवळलेत. बोल्टाभोवतीचं हे बुशचं रबर बघा, जराही पीळ नाही. टांगलेल्या गाडीचे बोल्ट आवळले ना, की गाडी खाली आल्यावर रबर पिळवटतं. मग वर्षाच्या आत फाटतं आणि टक्-टक् सुरू. हे कोण करतं आता? सावकाशच असणार."

"ओळखता तुम्ही त्यांना?"

"ओळखतो म्हणजे काय! काढला बिचाऱ्याला. कुणा शहाण्यानं लिहून दिलं म्हणे, हा माणूस एक बोल्ट दोनदा आवळतो." टायरवाला खदखदून हसला. "पाना धरता येत नाही, पण पेन मात्र कसं घट्ट धरतात बघा."

तो शहाणा त्याच्यासमोरच उभा आहे, हे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

तीन नोव्हेंबर, सोमवार. तक्रार मागे घेण्याचा अर्ज दोन प्रतींत करून मी कार्यशाळेत गेलो.

"सर, ती निकाली निघालीय," व्यवस्थापक म्हणाला. "निकाली निघालेली तक्रार मागे घेता येत नाही."

"त्या माणसाचं काम बरोबर होतं."

"असेल की. आम्ही कुठं नाही म्हणतो?"

"मग त्यांना काढलंत कशासाठी?"

"तुमच्या तक्रारीवरून, सर."

"माझ्याकडून साडेचार तासांचे पैसे घेतलेत. त्यांना किती तासांचे दिलेत?"

"अडीच. कंपनीच्या दरपुस्तकात या कामाला अडीच तास आहेत. कारागिराला पुस्तकाप्रमाणेच मिळतं."

"आणि मला?"

"तुम्हाला घड्याळाप्रमाणे." आणि वर तो हसला. "पाणी घेणार?"

वाचकहो, हे नीट ध्यानात घ्या. ग्राहकाकडून घड्याळाने घ्यायचे आणि कारागिराला पुस्तकाने द्यायचे. ते पुस्तक नव्या कोऱ्या गाडीवर, गंज नसलेल्या बोल्टांवर बेतलेले. चौदा वर्षांच्या गंजाशी जो माणूस झुंजला त्याचे दोन तास फुकट, आणि त्याच दोन तासांचे पैसे माझ्या खिशातून निघून मधल्यामध्ये गायब! एवढ्यानेही यांचे पोट भरेना. सावकाशकडे एक गाडी साडेचार तास अडते, तेवढ्या वेळात दोन गाड्या निघाल्या असत्या, हे त्यांना कित्येक वर्षे खुपत होते. सव्वीस वर्षे नोकरी झालेल्या माणसाला काढायला कारण लागते. ते कारण मी पुरवले, शुद्ध भाषेत, समासासकट.

त्याचे घर दोन खोल्यांचे, गोदामांच्या रांगेमागे. दार त्याच्या बायकोने उघडले. मी कोण ते सांगितले. तिने मला डोक्यापासून पायापर्यंत पाहून घेतले.

"या ना. बसा. अक्षर फार छान आहे हो तुमचं," ती म्हणाली. "नोटिशीला तुमच्या तक्रारीची प्रत जोडली होती. लेकीनं मोठ्यानं वाचून दाखवलं. एकही चूक नाही म्हणाली."

तो आतल्या दाराची बिजागरी काढून बसला होता. हात पुसत बाहेर आला.

"साहेब, गाडी डावीकडे ओढते का?"

"नाही."

"खड्ड्यात आवाज?"

"नाही."

"मग झालं."

"झालं? काय झालं?" बायको कडाडली. "घरी बसून महिना होत आला आणि हे गाडीची खुशाली विचारतायत! माझा ताप कधी विचारलात इतक्या काळजीनं?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "असंच आहे हे माणूस. नळ गळत होता तर तीन दिवस नळाकडे टक लावून बसले. मी शेजारी पाण्याला जायची. चौथ्या दिवशी हात लावला. अकरा वर्षं झाली, थेंब नाही. पण ते तीन दिवस मी कसे काढले, ते कुठल्या पुस्तकात लिहिलंय?"

तो ओशाळला, पण हसला. मी विचारले, सगळे लिफ्टवरच आवळतात, मग तुम्ही का नाही?

"आधी मीही तसंच करायचो," तो म्हणाला. "नोकरीला लागून तिसरं-चौथं वर्ष असेल. एक म्हाताऱ्या परिचारिका होत्या, रात्रपाळीला जायला जुनी गाडी वापरायच्या. शॉकअप बदलले, आठ महिन्यांत टक्-टक्. पुन्हा उघडलं, पुन्हा मजुरी. पुन्हा आठ महिने. मला कळलं होतं, रबर पिळवटतंय. मुकादमाला सांगितलं, तर तो म्हणाला, 'फाटू दे की. फाटलं की येईल.' तिसऱ्यांदा बाई आल्या. सुट्टे पैसे मोजून काउंटरवर ठेवले आणि मला म्हणाल्या, 'किती कष्ट घेता हो तुम्ही.' मला त्यांच्याकडे बघवेना, साहेब. त्या दिवसापासून चाकं जमिनीवर टेकल्याशिवाय शेवटचं आवळत नाही. पुस्तकात त्याला वेळ नाही, म्हणून तो माझ्यातला धरतो."

'माझ्यातला' म्हणजे बावीस-तेवीस वर्षे, रोज पाऊण तास, बिनपगारी. हिशेब मी करायला घेतला तर तो म्हणाला, "राहू द्या, उगाच डोकं फिरेल."

त्याला पैसे नको आहेत. त्याच्या नोकरीच्या दाखल्यावर एक ओळ आहे: 'कामात हयगय, ग्राहकाची लेखी तक्रार प्राप्त.' वय चोपन्न. चार कार्यशाळांनी दाखला वाचून घडी घालून परत दिला. ती ओळ पुसली जावी, एवढीच त्याची मागणी आहे. नाही पुसली, तर हा माणूस पुन्हा पाना हातात धरणार नाही. मजूर अधिकाऱ्यापुढे सत्तावीस नोव्हेंबरला सुनावणी आहे. मी माझा खुलासा आधीच नेऊन दिला. अधिकाऱ्याने तो वाचला, चष्मा काढला आणि विचारले, "एकदा न विचारता दोष देणाऱ्याचं दुसरं निवेदन मी खरं का धरू?" मला राग आला, आणि तो मला गिळावा लागला, कारण त्याचा प्रश्न रास्त होता. एका ग्राहकाने घातलेला डाग त्याच ग्राहकाच्या शब्दाने जात नाही. इतर ग्राहक लागतात. मी हे सांगितले तेव्हा सावकाश म्हणाला, "लोकांना कशाला त्रास?"

"होऊ दे त्रास," बायको म्हणाली. "आपल्याला झाला तो काय पाहुणा म्हणून आला होता?"

म्हणून हे तुमच्यासाठी. तुम्ही आणि मी, आपण सगळे एका माळेचे मणी. खोक्यातून आलेल्या भागाची किंमत आपण निमूट मोजतो, कारण त्यावर ती छापलेली असते. मजुरीचा रकाना आला की आपल्याला कंठ फुटतो. "नुसते चार बोल्ट तर काढायचे!" हे वाक्य तुम्ही म्हटले आहे. मीही म्हटले आहे. ते चार बोल्ट गेली कित्येक वर्षे तुमच्या घरच्यांना सुखरूप वाहत आले, आणि आवाज आला नाही म्हणून ते कोणी आवळले हे तुम्ही कधी विचारले नाही. ज्याची चूक झाली त्याचे नाव आपण शोधून काढतो. ज्याची झाली नाही, त्याला नाव कशाला?

आता ऐका. या भागात मोठी कार्यशाळा एकच आहे. तिच्या प्रत्येक बिलावर, खाली उजव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात कारागिराचा क्रमांक असतो. सावकाशचा क्रमांक सतरा. आज घरातली जुनी बिले काढा. सतरा क्रमांक सापडला, तर एका कागदावर स्वतःच्या हाताने तीन गोष्टी लिहा: काम कोणते होते, किती तारखेला झाले, आणि त्यानंतर ते किती वर्षे टिकले. खाली सही करा. स्तुती लिहू नका, ती मी लिहीन. सत्तावीस नोव्हेंबर, गुरुवार, सकाळी अकरा वाजता मजूर कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर तो कागद आणि ते बिल घेऊन स्वतः या. कुणाच्या हाती पाठवू नका. या.