हरिश्चंद्राचा हिमचंपा

दमयंतीबाईंनी हरिश्चंद्राला पहिल्यांदा पाहिलं ते दापोलीहून रत्नागिरीला येणाऱ्या एसटीत. एक्क्याऐंशी सालचा मे संपत आला होता. बाई नगरपालिकेच्या शाळेत शिकवायच्या. सुट्टी बहिणीकडे काढून परत निघाल्या होत्या. त्यांच्या पुढच्या बाकावर, खिडकीशी, एक रोप बसलं होतं. हातभर उंचीची एक काडी, तिला अकरा पानं आणि बुडाशी गोणपाटात बांधलेला मातीचा गड्डा. शेजारी एक बाई अंग चोरून बसलेली, आणि रोपाचा मालक उभा. गाडीने गचका दिला की तो चटकन रोपाला हात लावायचा, तान्ह्या पोराची मान सावरावी तसा.

कंडक्टर तिकिटं फाडत आला आणि पानं निरखून म्हणाला, "मामा, फणस घेऊन रत्नागिरीला? तिथले संपले काय?"

"फणस नाय ओ. हिमचंपा हाय."

"मग याचं अर्धं काढू की पुरं?"

"अर्धंच काढा. बारा वर्षांचा नाय झाला अजून."

गाडी हसली. कंडक्टरही हसला. म्हणाला, "मांडीवर घ्या नि बसा. मांडीवरच्या पोराला तिकीट नसतं."

तो रोप मांडीवर घेऊन बसला. त्याची बायको इतका वेळ तोंडाला पदर लावून हसत होती, ती तेवढी खिडकीबाहेर बघायला लागली. बाईंच्या ते लक्षात राहिलं. वर्गात पन्नास पोरं हसत असताना न हसणारं एक पोर त्यांना नेहमी आधी दिसायचं.

वाटेत बोलणं निघालं. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यावर त्याला पहारेकऱ्याची नोकरी मिळाली होती. खोली बघायची होती. "लहान चालेल," तो म्हणाला, "पण दारात जागा हवी. याला लावायला."

बाईंचं घर गावाबाहेर सड्यावरच्या उघड्या माळावर होतं आणि मागच्या दोन खोल्या रिकाम्याच होत्या. दुसऱ्या दिवशी दोघं बघायला आली. त्याच्या बायकोने, येसूबाईने, विहीर किती खोल आहे ते वाकून पाहिलं. हरिश्चंद्र खोल्यांत शिरलाच नाही. परसात फिरला, टाचेने जमीन ठोकली आणि म्हणाला, "कातळ हाय."

"सड्यावर दुसरं काय असणार?" बाई म्हणाल्या.

"फोडू."

कारखान्यावरून आला की तो पहार घेऊन बसायचा. जांभा दगड तसा मऊ म्हणतात, पण तो घर बांधणाऱ्यांच्या बोलण्यात. कंबरभर खड्डा व्हायला सव्वा महिना लागला. मग तो खालच्या भातखाचरातली माती घमेल्याने आणून ओतू लागला. पालापाचोळा, जुनं शेणखत, पुन्हा माती. पावसाने जरा उसंत घेतली त्या दिवशी रोप लागलं. येसूबाईने हळदकुंकू वाहिलं. बाईंनी साखर वाटली. रोप एवढंसं आणि थाट एवढा, याचं बाईंना हसू आलं होतं.

हे सगळं कशासाठी, ते पुढे हळूहळू कळलं. दापोलीत इंग्रजांच्या वेळचा एक बंगला होता. हरिश्चंद्र एकोणिसाव्या वर्षी तिथे माळी म्हणून लागला आणि सव्वीस वर्षं राहिला. बंगल्याच्या दारात हिमचंपा होता. बाराही महिने हिरवा, पानं वरून तुकतुकीत आणि खालून गंजलेल्या पत्र्याच्या रंगाची. वैशाखात फूल यायचं ते जेवणाच्या ताटलीएवढं, पांढरं, लिंबासारखा थोडा वास असलेलं. एक फूल दीड-दोन दिवस टिकायचं. मग बंगला विकला गेला. नव्या मालकाला लॉज बांधायचं होतं, झाड वाटेत येत होतं. बोलणी सुरू झाल्याचं कानावर आलं तेव्हाच हरिश्चंद्राने झाडाच्या सात फांद्यांवर गुटी बांधली होती, म्हणजे फांदीची साल गोल काढून तिथे शेण-माती गोणपाटात आवळली होती, मुळं फुटावीत म्हणून. वर्षभर तो शिडी लावून त्यांना पाणी घालत होता. सहा वाळल्या. सातवीला मुळं आली. ती उतरवून घेतली त्याच्या तिसऱ्या आठवड्यात झाड पाडलं.

"तुम्ही होतात तेव्हा?" बाईंनी विचारलं होतं.

"दोरी मीच धरलेली. कुंपणावर पडलं असतं नायतर."

रोपाने सड्यावर तग धरला. पहिल्या उन्हाळ्यात चार पानं गेली, दोन आली. दुसऱ्या वर्षी ते गुडघ्याच्या वर आलं. चैत्रात विहिरीचा तळ दिसायला लागला की हरिश्चंद्र साबण न लावता अंघोळ करायचा आणि ते पाणी झाडाला घालायचा. येसूबाई म्हणायची, "अवो, तुमच्या अंगाच्या वासानं मरायचं ते बिचारं!" बाई पडवीत वह्या तपासत बसलेल्या असायच्या, त्याही हसायच्या. येसूबाई आंजर्ल्याची. बापाची नारळाची वाडी. माड सोडून दुसऱ्या झाडाला ती झाड म्हणायची नाही. तरी नवऱ्याची दिवसपाळी असली की भर दुपारी दोन कळशा ती न चुकता घालायची.

चौऱ्याऐंशीच्या वैशाखात झाड खांद्याला लागलं होतं आणि शेंड्याशी कळी आली. अंगठ्याएवढी, करड्या लवेची. हरिश्चंद्राने ती बाईंना दाखवली तेव्हा बोट लांबच ठेवलं होतं. आठ दिवस तो कामावर जाताना बघून जायचा, आल्यावर चप्पल न काढता आधी तिकडे जायचा. नवव्या दिवशी कळी खाली पडलेली मिळाली. पिवळी झाली होती. त्याने ती खिशात ठेवली.

"पहिली कळी गळतेच," तो म्हणाला. पण पंधरा दिवस जेवायला बसला की भाकरीचा तुकडा हातात तसाच राही. येसूबाई बाईंना म्हणाली, "माणूस मेलं असतं तरी दहाव्याला जेवला असता."

कार्तिकात त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. पंधरा दिवस दवाखान्यात आणि पुढे महिनाभर वाकायचं नाही असा हुकूम. त्या दिवसांत एका सकाळी बाईंनी येसूबाईला दुकानातून खड्या मिठाची पिशवी काखोटीला मारून येताना पाहिलं. तिने झाडाभोवती आळं केलं, मीठ पसरलं, वर माती लोटली आणि पाणी दिलं. माडाची कोवळी फळं गळायला लागली की तिच्या माहेरी हेच करत. तिच्याच काय, किनाऱ्यावर घरोघर करतात. बाईंच्या वडिलांनीही केलं होतं. बाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट येसूबाई त्या झाडासाठी मीठ विकत आणते याचं कौतुक वाटलं. त्या शाळेत गेल्या.

येसूबाईने मीठ तीनदा घातलं.

पौषात पानांच्या कडा करपू लागल्या. हरिश्चंद्र हिंडूफिरू लागला होता. त्याने समुद्राकडच्या बाजूला बांबू रोवून विणलेल्या झावळ्यांचे झाप बांधले. "वारा खारा हाय इथला," तो म्हणाला. करपणं थांबलं नाही. पानं कडेने तपकिरी होत मधल्या शिरेपर्यंत यायची आणि गळायची. जे झाड कधी उघडं पडू नये ते खालून उघडं पडायला लागलं. आता हात लावला की पानं कागदासारखी वाजायची.

माघातल्या एका रविवारी बाई पडवीत होत्या. हरिश्चंद्र झाडाच्या बुंध्याशी बसला, बोटाने माती उकरली, चिमूटभर जिभेवर ठेवली आणि तसाच बसून राहिला. बाईंच्या हातातली लाल पेन्सिल थांबली. त्याच्या पाठीकडे पाहूनच त्यांना सगळं कळलं.

येसूबाई चुलीपाशी होती. आतून तिने विचारलं, "काय झालं ओ? कीड हाय काय?"

"नाय नाय," तो मोठ्याने म्हणाला. "वारा."

मग पडवीच्या पायरीशी येऊन खालच्या आवाजात त्याने विचारलं, "बाई, तुम्ही बघितलंत?"

"बघितलं. मला वाटलं..."

"वाटणारच. तुमच्याकडे रीतच हाय ती."

"पाणी सोडून धुऊन नाही का निघणार?"

"कुठं जाईल ते? कातळाचा खड्डा म्हणजे रांजण. घातलं ते आतच."

तरी त्याने धुवायचा प्रयत्न केला. आठ दिवस विहिरीवरून कळशा वाहिल्या, टाके घातलेली जागा दुखत असताना. पाणी आळ्यात तुंबून राहिलं. मग शेंड्याच्या जिवंत फांदीवर गुटी बांधायला सुरी लावली, साल सुटेना. फांदीत ओलच नव्हती. बाई म्हणाल्या, पुण्याला माझी विद्यार्थिनी असते, तिथल्या नर्सरीत मिळतं का बघायला सांगते. तो म्हणाला, "मिळेल की." आणि सुरी पुसून ठेवली. बाईंनी पत्र लिहायला घेतलं, ते तारीख घालूनच राहिलं.

त्या रविवारी पायरीवरून जाताना तो म्हणाला होता, "हिला सांगू नका."

"पण हरिश्चंद्र, उद्या दुसऱ्या कुठल्या झाडाला..."

"आमचं एक पोर होतं. सहा महिन्यांचं. ताप आला तर हिनं आईनं शिकवलेला काढा पाजला. पोर गेलं. माझ्या घरच्यांनी म्हटलं, हिच्या हातानं गेलं. डॉक्टर म्हणाले, ताप मेंदूत गेलेला, काढ्याचा काय संबंध नाय. ते ऐकायला कोण हाय? मी तिथंच उभा होतो बाई. एक शब्द बोललो नाय."

बाईंना एसटीतली ती खिडकी आठवली.

फाल्गुनात शेवटचं पान गळलं. येसूबाईने ते उचललं, उलटंपालटं करून पाहिलं. "एवढं केलं तरी नाय जगलं," ती म्हणाली. "माझ्या हातचं काय जगतच नाय."

"वाऱ्यानं गेलं म्हणतोय ना," हरिश्चंद्र ओरडला. त्याला ओरडताना बाईंनी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

वाळलेलं खोड त्याने मुळासकट काढलं. त्याची काठी केली नाही की काही नाही. पाणी तापवायच्या चुलीत घातलं. खड्डा पावसाळ्यापर्यंत तसाच राहिला. ज्येष्ठात येसूबाईने आंजर्ल्याहून भावाकडून माडाचं रोप आणवलं. खड्डा फुकट का घालवायचा, असं तिचं म्हणणं. बाईंना वाटलं होतं तो नको म्हणेल. त्याने कुदळ घेतली, माती मोकळी केली आणि रोप धरून उभा राहिला. येसूबाईने बुडाशी मीठ घातलं.

त्या गोष्टीला आता चार वर्षं झाली. बाई गेल्या वर्षी शाळेतून निवृत्त झाल्या. दिवसाचा बराच वेळ पडवीत असतात. माड चांगला धरला आहे, पडवीच्या पत्र्याला झावळी लागते. लॉजच्या अंगणात कुंड्या लावायला माणूस हवा म्हणून दापोलीहून हरिश्चंद्राला निरोप आला होता; तो गेला नाही. मिरजोळ्याला त्याच कारखान्याच्या फाटकावर तो असतो. दर कार्तिकात माडासाठी मीठ लागतं. येसूबाईचे गुडघे दुखतात, तेव्हा दुकानातून मिठाची पिशवी तोच आणतो.